पेटीची चावी

बालगृहातल्या मुलाला वाली नाही, असं कोण म्हणतं? मोजून घ्या. अधीक्षक, काळजीवाहक, समुपदेशक, परिविक्षा अधिकारी. वर बालकल्याण समिती: एक अध्यक्ष, चार सदस्य. शेजारी जिल्हा बाल संरक्षण कक्ष. दर तीन महिन्यांनी किमान तिघांची तपासणी समिती, त्यात एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी हवेतच. डोक्यावर राज्याचा बालहक्क आयोग. एवढे पालक राजपुत्रालाही नसतात.

यातला एकही जण मुलाच्या बाजूचा नाही. वाईट आहेत म्हणून नव्हे. काही अधीक्षक पोटच्या पोरासारखं करतात. पण प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या खुर्चीवर बसूनच मुलाचं ऐकतो. पोराला बहीण ज्या गृहात आहे तिथे बदली हवी असते, गावाकडच्या आजीशी बोलायचं असतं, रात्रपाळीच्या काकांबद्दल काही सांगायचं असतं. सांगायचं कुणाला? जे निर्णय घेतात त्यांनाच. वकील हवा? कायदेशीर मदत मिळवून देणं हेही बालकल्याण समितीचंच काम. समितीबद्दलच तक्रार असेल तर? जिल्हाधिकारी आहेत की. पाचवीतला पोरगा अर्ज लिहील, आवक-जावकचा शिक्का घेईल आणि तारखेला हजर राहील. फाटकाबाहेर पडायची परवानगी तेवढी अधीक्षकांकडून घ्यायची.

तपासणीचा दिवस मुलांना आधीच कळतो. सकाळी चादरी बदलल्या की समजायचं, आज साहेब येणार. मुलं ओळीत बसतात. साहेब विचारतात, "जेवण नीट मिळतं ना?" साहेबांच्या मागे अधीक्षक उभे. "हो सssर!" एवढ्या एकसुरात उत्तर आलं की कुणालाही शंका यायला हवी. साहेब ते लिहून घेतात.

नियम करणाऱ्यांनी पोरांचा विचार केला नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. 2016च्या आदर्श नियमांत बालसमित्या आहेत, वयोगटानुसार तीन. सूचनापेटीही आहे आणि ती कार्यालयापासून लांब, मुलांच्या खोल्यांजवळ लावायची, इतका बारकावा आहे. वाचताना भरून येतं. पुढे चावीचं कलम येतं. चावी गृहाच्या व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे. अध्यक्ष म्हणजे जिल्हा बाल संरक्षण अधिकारी आणि त्या समितीचे सदस्य-सचिव म्हणजे गृहाचे प्रभारी. अर्थात, ज्यांच्याबद्दल चिठ्ठी टाकायची तेच बैठकीचं इतिवृत्त लिहिणार.

हे केवळ कुत्सितपणाने म्हणत नाही. मुझफ्फरपूर आठवा. तिथल्या बालिकागृहातही कागदोपत्री सगळं होतं: समिती, अधिकारी, भेटी. 2017-18 मध्ये मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'कोशिश' गटाने बिहारमधल्या गृहांचं सामाजिक लेखापरीक्षण केलं. मुली त्यांच्यापाशी बोलल्या आणि लैंगिक अत्याचारांना वाचा फुटली. जानेवारी 2020 मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने 19 जणांना दोषी ठरवलं. गृहाचा चालक त्यात होताच. पण जिल्हा बाल संरक्षण अधिकारी, बालकल्याण समितीचे तत्कालीन अध्यक्ष आणि एक सदस्य हेही दोषींच्या यादीत होते. म्हणजे पेटीत चिठ्ठी पडलीच असती, तर ती नेमकी कुणाच्या हाती गेली असती याचा हिशेब वाचकांनी करावा.

1098 आहे, असं कुणीतरी म्हणेलच. आहे. मुंबईत 1996 साली त्याच टाटा संस्थेच्या प्रकल्पातून ती हेल्पलाइन उभी राहिली, पुढे देशभर स्वयंसेवी संस्थांनी चालवली आणि 2023 मध्ये सरकारने स्वतःकडे घेतली. ऐकणारा कान आता सरकारी आहे. शिवाय फोन ठेवलेला असतो अधीक्षकांच्या टेबलावर.

इंग्लंडने आश्रयगृहांतले घोटाळे बरेच भोगले, तेव्हा कुठे 2002 साली कायदा केला: सरकारी देखभालीतल्या मुलाला तक्रार करायची असेल, तर त्याच्या बाजूने बोलणारा माणूस स्थानिक प्रशासनाने मिळवून द्यायचा. त्या माणसाने मुलाचं भलं कशात आहे हे ठरवायचं नसतं. मूल काय म्हणतंय, तेवढं अधिकाऱ्यांसमोर ठामपणे मांडायचं. तिथेही सारं सुरळीत आहे असं नाही. पैसे प्रशासनच देतं, म्हणून कुरबुरी आहेतच. पण निदान मुलाचं म्हणणं मांडणं हे कुणाचं तरी काम आहे.

आपल्याकडे काय हवं? जिल्ह्याला असे दोन-तीन लोक, ज्यांचा पगार आणि बदली महिला व बालविकास विभागाच्या हातात नाही. न कळवता गृहात जाता यावं, मुलाशी दार लावून बोलता यावं आणि समितीपुढे त्याच्या शेजारी बसता यावं. खर्चाचं विचाराल, तर उद्घाटनाच्या मांडवात निघेल.

यावर खात्यातला ठरलेला आक्षेप असा, की बाहेरची माणसं आली की मुलं बिघडतात, उठसूट तक्रारी करायला शिकतात. शिकू द्या की! आपल्या घरातली पोरं आमटीत मीठ कमी असल्याचं आईला तोंडावर सुनावतातच, तेही कुणी न शिकवता.