चंदगडचा पगार, नंदगडचा पगार

कर्नाटकातल्या नंदगडच्या स्टँडवर, चहाच्या बाकड्यावर आबांनी नातवाच्या पगाराचा कागद उलगडला. १८,००० रुपये, व्यवसाय कर शून्य. कर्नाटक २५,००० खाली हात लावत नाही. हाच पोरगा सीमेपलीकडच्या चंदगडात कामाला लागला, तर महाराष्ट्र १०,००० ओलांडताच दरमहा २०० कापणार, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५००. घटनेनं घातलेली कमाल मर्यादा आपल्या महाराष्ट्रानं अगदी इमानेइतबारे गाठली आहे! (बायकांना मात्र तिकडे २५,००० पर्यंत माफी.) १९७५ साली महाराष्ट्रात हा कर बसला तो रोजगार हमीसाठी, नोकरीवाल्यानं बिननोकरीवाल्याचा भार उचलायचा. रास्तच.

पण नंदगड महाराष्ट्रात यावं म्हणून सीमालढ्यात जन्मभर घसा फोडलेल्या आबांनी कागदाची घडी घातली. महाराष्ट्राचा सुप्रीम कोर्टातला सीमेचा दावा २००४ पासूनचा. म्हणाले, "निकाल आपल्याच बाजूनं लागू दे रे. फक्त फेब्रुवारी तेवढा टळू दे."