गुडघ्याला आलेले चांगले दिवस

चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या गुडघ्याला आपल्याकडे कधी मान नव्हता. तो दुखू लागला की घरातलं कुणीतरी ‘वय झालं आता’ म्हणायचं, कपाटातून महानारायण तेलाची बाटली निघायची आणि विषय तिथेच मिटायचा. गेल्या काही वर्षांत मात्र या गुडघ्याचं नशीब उघडलं आहे. तो आता मॅरेथॉनच्या सरावात दुखतो. त्यामुळे त्याची विचारपूस होते, त्याचे फोटो निघतात, त्याला निळ्या-गुलाबी पट्ट्या चिकटवल्या जातात आणि सोसायटीच्या लिफ्टमध्ये तळमजल्यापासून बाराव्या मजल्यापर्यंत त्याच्याविषयी बोललं जातं. मालक तोच, वय तेच, कुरकुर तीच. पण पूर्वी तिच्यामुळे माणूस म्हातारा ठरायचा, आता खेळाडू ठरतो.

हा चमत्कार पाहायचा तर रविवारी पहाटे घोरावाडीला यावं. पुणे–लोणावळा लोकलच्या वाटेवर तळेगावच्या अलीकडचं हे छोटं स्टेशन. जवळून जुना मुंबई–पुणे रस्ता जातो. वर घोरावडेश्वराचा डोंगर, डोंगरात बौद्ध लेणी आणि लेण्यात महादेव. तुकोबा चिंतनाला ज्या डोंगरांवर जात, त्यांत भंडारा आणि भामचंद्राच्या जोडीनं याचंही नाव घेतात. तुकोबांना वर एकांत हवा होता. हल्लीच्या मंडळींना ‘एलिव्हेशन’ हवं असतं. त्यासाठी एकदा वर जाऊन भागत नाही. पायऱ्या चढायच्या, उतरायच्या, पुन्हा चढायच्या. महादेवाचं दर्शन पहिल्या फेरीत होतं, पुढच्या फेऱ्यांत फक्त घड्याळाचं.

मंडळी येतात हिंजवडीच्या कचेऱ्यांतली, गहुंज्याच्या नव्या टॉवरांतली, तळेगावच्या बंगल्यांतली. धावण्याआधी पायांना श्रम नकोत म्हणून गाडीनं येतात. गाडी सोमाटणे फाट्याच्या आसपास लावली की डिकी उघडते आणि आतून फोम रोलर, गुडघ्याचे पट्टे, व्हॅसलिनचा डबा, सुटे मोजे, खजुराचे लाडू आणि दुखण्यावर मारायचे दोन स्प्रे असा संसार बाहेर येतो. एवढ्या सामानात जुन्या काळी चारधाम झाले असते.

धावून झाल्यावर रस्त्याकडेच्या टपरीवर सभा भरते. कोण किती धावलं हा विषय दोन मिनिटांत आटोपतो, कारण ते घड्याळानं आधीच जगाला कळवलेलं असतं. खरी रंगत त्यानंतर येते.

‘सर, टाच कशी आहे?’

‘सकाळची पहिली पावलं जीव घेतात हो. प्लान्टार आहे. तुमचं?’

‘आयटी बँड. बरोबर सातव्या किलोमीटरला गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला येतो. अगदी वेळेवर.’

‘म्हणजे आपल्या लोकलपेक्षा बरा.’

एवढ्यात नुकताच आलेला एक तरुण चाचरत म्हणतो, ‘मला अजून काही झालं नाहीये.’ टपरीवर शांतता पसरते. सगळे त्याच्याकडे कणवेनं बघतात. ग्रुपचे कॅप्टन त्याच्या खांद्यावर हात ठेवतात. ‘मायलेज वाढव. होईल.’

इथं शिक्षणाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. पायाला फोड आला की बालवाडी. अंगठ्याचं नख काळं होऊन गळलं की दहावी पास. नडगी दुखली की पदवी, टाच आणि पोटरी एकाच वेळी गेली की पदव्युत्तर. स्ट्रेस फ्रॅक्चर झालं आणि एमआरआयची फिल्म हातात आली, की डॉक्टरेट. ही फिल्म घरी कपाटात ठेवत नाहीत. ती गाडीत असते आणि सूर्य जरा वर आला की उजेडात धरून सगळ्यांना दाखवली जाते.

ज्या अंतरासाठी हा सगळा खटाटोप चालतो, ते ४२.१९५ किलोमीटर कुठून आलं याची चौकशी टपरीवर कुणी करत नाही. १९०८ सालच्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसर किल्ल्यापासून सुटली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या सज्ज्यासमोर संपली. किल्ला ते सज्जा असं जे अंतर भरलं, तेच पुढे १९२१ मध्ये कायम झालं. इंग्रज जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्यांच्या राणीसाहेबांना बसल्या जागेवरून शर्यतीचा शेवट नीट दिसावा म्हणून मावळातला माणूस आजही शेवटचे १९५ मीटर लंगडतो आहे. ‘चले जाव’ म्हणताना हे अंतर तेवढं न्यायचं राहिलं.

आता उपचार. गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७८ मध्ये ‘राइस’ नावाचा मंत्र दिला: विश्रांती घ्या, बर्फ लावा, पट्टी आवळा, पाय उंच ठेवा. जगभरचे खेळाडू काही दशकं पिशव्या भरभरून बर्फ लावत राहिले. पुढे २०१४ च्या सुमाराला मर्किन यांनीच शब्द मागे घेतला. बर्फानं आणि पूर्ण विश्रांतीनं दुखापत भरून यायला उलट वेळ लागू शकतो, असं ते म्हणू लागले. घोरावाडीच्या मंडळींनी या नव्या संशोधनाचा आदर राखून बर्फ चालू ठेवला आणि विश्रांती तेवढी रद्द केली.

दुसरं ब्रह्मवाक्य दहा टक्क्यांचं. आठवड्याला अंतर दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचं नाही, म्हणजे इजा होत नाही. हॉलंडमधल्या संशोधकांनी नवशिक्या धावकांवर त्याची रीतसर परीक्षा घेतली. निष्कर्ष २००८ मध्ये छापून आला. एक गट दमानं वाढवत गेला, दुसरा भरभर. दोन्हीकडे साधारण पाचातला एक जायबंदी झाला. घोरावाडीत हेच प्रमाण पाचात पाच वाटतं, पण त्याचं कारण वेगळं आहे. इथं धडधाकट माणूस तोंड उघडत नाही.

मग फिजिओ. फिजिओकडे टाच घेऊन जा, गुडघा घेऊन जा, नाही तर कंबर घेऊन जा, निदान एकच निघतं: तुमचे ग्लूट्स काम करत नाहीत. साध्या मराठीत, नितंब झोपले आहेत. वीस वर्षं संगणकापुढच्या खुर्चीत बसून त्यांना आपल्या कर्तव्याचा विसर पडला आहे. त्यांना जागं करायला रबरी पट्ट्या मिळतात. त्या मांडीला अडकवून भले भले व्हाइस प्रेसिडेंट सोसायटीच्या बागेत खेकड्याच्या चालीनं आडवे चालतात. ज्या अवयवाच्या जोरावर माणसानं पगार, फ्लॅट आणि गाडी मिळवली, त्यालाच आळशी म्हणणं हा कृतघ्नपणा आहे. पण फिजिओपुढे कोण बोलणार?

टपरीवाल्या मावशींनी एकदा भीत भीत आपला उपाय सांगून पाहिला. वीट चुलीत तापवायची, तिच्यावर रुईचं पान ठेवायचं आणि वर टाच दाबून धरायची. जखमी टाचेच्या साहेबांनी मन लावून ऐकलं आणि विचारलं, ‘मावशी, किती सेट? आणि दोन सेटमध्ये गॅप किती?’ मावशी म्हणाल्या, ‘वीट गार होईस्तोवर.’ साहेबांनी ते फोनमध्ये टिपून घेतलं. पुढच्या रविवारी ते ग्रुपवर ‘हीट थेरपी’ या नावानं आलं, मावशींचं नाव वगळून.

इतकं सगळं करूनही एक उपाय कुणी करत नाही, आणि तो म्हणजे चार आठवडे गप घरी बसणं. बसणार कसं? मुंबईची मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. पैसे भरलेत आणि ते परत मिळत नाहीत. सरावाचं वेळापत्रक फ्रीजवर चिकटवलंय. मुंबई उरकली की फेब्रुवारीत लोणावळ्याची अल्ट्रा उभी असते, ३५ किंवा ५० किलोमीटरची. शिवाय मनगटावर घड्याळ आहे. ते सकाळी उठल्या उठल्या सांगतं, ‘तुमचं शरीर थकलं आहे.’ बायको हे दहा वर्षं फुकट सांगत होती, तेव्हा विश्वास बसला नव्हता. पण हेच घड्याळ दुसरीही एक गोष्ट सांगतं: तुमचं फिटनेसचं वय बत्तीस. आधार कार्डावर एकोणपन्नास. या सतरा वर्षांच्या फरकासाठी माणूस वाटेल ते दुखणं अंगावर काढतो. घरी बसला तर घड्याळ एकेक वर्ष परत देऊ लागतं, आणि ते घ्यायची कुणाची तयारी नसते.

आपल्याकडे लोक आधी धावत नव्हते असं नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर शेतकऱ्यांची पोरं अनवाणी धावताना पाहून दोराबजी टाटा थक्क झाले, आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू धाडायचं ठरलं. त्यात मॅरेथॉनला बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार होते. त्या वर्षीची वाट तर ४२.७५ किलोमीटरची, म्हणजे आजच्याहून अर्धा किलोमीटर लांब. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. दोघांच्याही पोटऱ्या दुखल्या असणार, पण त्याची कुठं नोंद नाही, कारण विचारायला कुणी नव्हतं. आज जागतिक ॲथलेटिक्स संघटनेनं अव्वल खेळाडूंच्या बुटाचा तळ ४० मिलिमीटरपेक्षा जाड नको असा नियम केला आहे. घोरावाडीतले सहा तासांवाले तो कसोशीनं पाळतात. उगाच पदक काढून घेतलं तर काय करायचं?

पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ मध्ये सुरू झाली, तेव्हा मध्यमवर्गाचं काम रस्त्याकडेला उभं राहून टाळ्या वाजवण्याचं होतं. मुंबईची २००४ मध्ये सुरू झाली आणि टाळ्या वाजवणारे हळूहळू रस्त्यावर उतरले. त्यात वाईट काही नाही. रविवारी पहाटे चारला उठणारा माणूस शनिवारी रात्री लवकर झोपतो, हा समाजाला झालेला निव्वळ नफा आहे. तक्रार एवढीच, की दुखण्याचा सगळा मानसन्मान एकट्या या मंडळींनी पटकावला.

कारण त्याच रस्त्यावर त्याच वेळी दुसरेही गुडघे चालत असतात. दुधाच्या किटल्या घेऊन पहाटेची लोकल गाठणारे मामा. त्यांचा खांदा उतरला आहे. त्यावर पट्टी नाही. जुलैत सरावाचं वेळापत्रक सुरू होतं, तेव्हा अख्ख्या मावळात भातलावणी चालू असते. शर्यतीच्या आदल्या रात्री मंडळी ज्याचा ‘कार्ब लोडिंग’ म्हणून डोंगर रचतात, तो इंद्रायणी तांदूळ याच खाचरांतला. डोक्यावर इरलं किंवा प्लॅस्टिकची खोळ, पाय पोटरीपर्यंत चिखलात, कंबर काटकोनात, आणि हात रोपांची जुडी सोडवून मूठ मूठ लावत मागे मागे सरकताहेत. हे सकाळपासून अंधार पडेपर्यंत. संध्याकाळी बांधावर येऊन लावणी करणारी बाई हात कमरेवर ठेवून सरळ होते, तेव्हा तिला कुणी विचारत नाही की लोअर बॅक आहे की हॅमस्ट्रिंग. ती स्वतःच म्हणते, ‘वय झालं आता.’ वय असतं अडतीस.

हा अन्याय दूर करायचा तर उपाय एकच. ज्या दुखण्याला प्रवेश फी नाही, त्याला आपल्याकडे प्रतिष्ठा नाही. तेव्हा पुढच्या पावसाळ्यात ‘मावळ लावणी अल्ट्रा’ भरवावी असा आमचा नम्र प्रस्ताव आहे. गट तीन: पाच गुंठे, वीस गुंठे आणि पूर्ण एकर. फी साडेतीन हजार, अर्ली बर्ड तीन हजार. फीमध्ये टी-शर्ट, पदक, पिठलं-भाकरी आणि चिखलातला फोटो. बांधावर फिजिओ बसतील. दर तासाला कंबर सरळ करायची परवानगी, मात्र तेवढ्या वेळात घड्याळ थांबणार नाही. रोप वाकडं लागलं तर पाच मिनिटं दंड. इथं नितंब झोपायची सोय नाही, हे आम्ही लेखी देऊ. लावणीला माणूस मिळत नाही म्हणून शेतकरी रडतो, आणि दुखायला नवी जागा मिळत नाही म्हणून धावणारे नोंदण्या करत गावोगाव फिरतात. दोघांची भेट घालून दिली की झालं.

प्रस्ताव टपरीवर मांडला, तेव्हा कॅप्टननी पहिला प्रश्न विचारला तो पदकाच्या वजनाचा. दुसरा, ही शर्यत बोस्टनला पात्रता म्हणून धरतील का. तिसरा प्रश्न मात्र मावशींचा होता. त्यांची खाचरं स्टेशनापलीकडे आहेत.

‘म्हंजे राबायचं बी त्यांनी आन् पैसं बी त्यांनीच द्यायचं?’

‘हो.’

‘आन् कंबर?’

‘तीही त्यांचीच दुखणार.’

मावशींनी चहाचं पातेलं उतरवलं, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, ‘मंग अर्धा एकर लिहा आमचा. आन् त्यांना म्हणावं, येताना रोपं बी घेऊन या.’