बेट पाहावे निवडून

विश्रांती आणि निसर्ग ह्या दोन गोष्टी एकाच ठिकाणी, एकाच वेळी आणि बेताच्या खर्चात मिळू शकतात, अशी समजूत ज्या दांपत्यांनी उराशी बाळगलेली असते, त्यांत आम्हा उभयतांची गणना निःसंशय करावी लागेल. मला निसर्ग अतिशय प्रिय आहे. मात्र तो आरामखुर्चीच्या टप्प्यात असावा आणि शक्य तर त्याने आपण होऊन माझ्याकडे यावे, असे माझे मत आहे. कुटुंबाचे निसर्गप्रेम ह्याहून जाज्वल्य असून, गळ्यात दुर्बीण अडकविल्यावाचून ती गच्चीत पापडदेखील वाळत घालीत नाही. महसूल खात्यात हयात घालवून मी सेवानिवृत्त झाल्यावर, एकदाच काय ते दूर जायचे तर कॅरिबियन समुद्रातील बेटावर जावे, ह्याविषयी आमचे आश्चर्यकारक मतैक्य झाले. प्रश्न उरला तो फक्त कोणत्या बेटावर एवढाच, आणि त्या एका प्रश्नापायी पुढे कित्येक रात्री आमच्या घरी जेवणे थंड झाली.

माझ्या पिढीच्या मराठी माणसाला ह्या मुलखाचा भूगोल क्रिकेटच्या धावफलकाने शिकविला. १९७१ साली पोर्ट ऑफ स्पेनला वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला प्रथमच धूळ चारली, त्या मालिकेत सरदेसायांनी ६४२ आणि कोवळ्या गावसकरांनी ७७४ धावा काढल्या, हे मला आजही झोपेतून उठवून विचारावे. परंतु सामन्यांच्या शहरांभोवती डोंगर आहेत की दलदल, नारळ आहेत की निवडुंग, ह्याबाबत धावफलक संपूर्ण मौन पाळतो. जॉर्जटाउन तर बेटावर नसून दक्षिण अमेरिकेच्या भूमीवर वसलेले आहे, ही गोष्ट त्याने कोणालाही सांगितलेली नाही. बार्बाडोसचे नाव निघताच मात्र माझा हात नकळत डोक्याकडे जातो, कारण १९६२ साली तेथेच ग्रिफिथ ह्यांच्या चेंडूने नरी कॉन्ट्रॅक्टर ह्यांची कवटी फुटली होती. विश्रांतीसाठी जावयाचे बेट असे असू नये.

दादरच्या ज्या प्रवासी कचेरीत आम्ही सल्ल्यासाठी गेलो, तेथील तरुणाने आमच्यापुढे ज्या रंगीत पुस्तिका पसरल्या, त्या सर्वांत एकच निळा समुद्र, एकच पांढरी वाळू आणि एकच तिरका माड होता. फरक होता तो केवळ दरपत्रकात. "एकदा पैसे भरले की आतून बाहेर पडायची गरजच नाही," असे त्याने अभिमानाने सांगितले. कुटुंबाने पुस्तिका मिटली आणि शांतपणे म्हटले, "अहो, नुसता समुद्र आणि माडच पाहायचे, तर हरिहरेश्वर काय वाईट आहे?" ह्या युक्तिवादाला त्या कचेरीत उत्तर नव्हते.

मग आम्ही नकाशा जेवणाच्या टेबलावर अंथरून स्थळे पाहावयास बसलो. अरुबा आणि बोनेर ही बेटे वादळांच्या वाटेपासून दूर खरी, पण कोरडी ठणठणीत. बोनेरला रोहित पक्षी मुबलक, तरी निवडुंगाच्या सावलीत आरामखुर्ची टाकता येत नाही. मॉन्टसेराटचा ज्वालामुखी १९९५ साली जागा झाला आणि त्याने प्लिमथ ही राजधानीच राखेखाली गाडली. एवढा जागृत निसर्ग आम्हांस नको होता. सेंट लुशियाची लोकसंख्या दोन लाखांच्या आत असून त्या मूठभर वस्तीने आर्थर लुईस आणि डेरेक वॉल्कॉट असे दोन नोबेल पारितोषिकविजेते दिले, आणि तेही २३ जानेवारी ह्या एकाच तारखेला जन्मलेले, हे वाचून मी जवळजवळ तिकिटे काढणार होतो. पण त्याच पानावर तेथील विषारी सर्पाचे वर्णन निघाले आणि चर्चा संपली.

साबा ह्या डच अंमलाखालच्या बेटाने मला अधिक काळ मोहात ठेवले. क्षेत्रफळ अवघे १३ चौरस किलोमीटर, तेव्हा निवांतपणाला अडचण नव्हती. माउंट सीनरी ह्या त्याच्या शिखराची उंची ८८७ मीटर असून अवघ्या नेदरलँड्सच्या राज्यात त्याहून उंच जागा नाही, तेव्हा निसर्गालाही अडचण नव्हती. अडचण निघाली ती ह्या दोहोंच्या मध्ये असलेल्या पायऱ्यांची. शिखरावर चढण्यास हजाराहून अधिक पायऱ्या. आणि पूर्वी तर धक्क्यावरून गावात येण्यासही कड्यात खोदलेल्या ८०० पायऱ्या, ज्यांवरून पिठापासून पलंगापर्यंत प्रत्येक वस्तू डोक्यावर वाहून नेण्याची वहिवाट होती. ह्या बेटावर रस्ता होणे अशक्य, असा अभिप्राय डच इंजिनिअरांनी दिल्यावर जोसेफस लॅम्बर्ट हॅसेल ह्या गृहस्थांनी टपालाने स्थापत्यशास्त्राचा अभ्यासक्रम पुरा केला, आणि १९३८ मध्ये गावकऱ्यांना हाताशी धरून, यंत्रसामग्रीवाचून, तो रस्ता बांधावयास घेतला. १९४७ साली बेटावर पहिली मोटार उतरली. वरिष्ठांचा प्रतिकूल शेरा असलेले प्रकरण असे निकालात काढणारा पुरुष मला सर्वस्वी वंद्य आहे, आणि माझ्या नोकरीत असा एक जरी भेटता, तर मी त्याच्या बदलीची शिफारस केली असती. तथापि साब्याला उतरणे ही निराळी बाब. तेथील सुमारे ४०० मीटरांची धावपट्टी जगातील प्रवासी विमानांच्या धावपट्ट्यांत सर्वांत आखूड समजली जाते, आणि तिची दोन्ही टोके कड्यावर संपतात. शिवाय तेथे कायमचा वाळूचा किनारा नाही. वेल्स बे येथे जो आहे, तो वर्षातील काही महिने लाटांबरोबर येतो आणि पुढे रजेवर जातो.

डोमिनिकाचा पक्ष कुटुंबाने दीर्घकाळ आणि तडफेने लढविला. १४९३ साली एका रविवारी कोलंबसाने हे बेट पाहिले आणि तो पुढे निघून गेला, ह्याचा तिला आजही राग आहे. झेंड्यावर पोपट मिरविणारे हे राष्ट्र, तेथील राष्ट्रीय उद्यान १९९७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत, आणि त्या उद्यानाच्या पोटात सुमारे ६० मीटर रुंदीचे, अक्षरशः उकळणारे एक तळे! मी फक्त एवढेच विचारले की, तळ्यापर्यंत गाडी जाते काय. जात नाही, चिखल, ओढे आणि गंधकाच्या वाफा सोडणारी एक उजाड दरी ओलांडून जाण्यायेण्यास सुमारे सहा तास चालावे लागते, आणि पाऊस असा की आंबोलीकराने छत्री खाली ठेवावी.

"तू तळ्यावर जाऊन ये, मी अलीकडे थांबतो," मी म्हणालो.

"अलीकडे म्हणजे कुठे?"

"हॉटेलात."

ह्या संवादानंतर डोमिनिका हा विषय घरात दोन दिवस वर्ज्य झाला. त्या अबोल्यात मला एक सिद्धांत सुचला, तो असा, की कॅरिबियन समुद्रात जेथे निसर्ग थोर आहे तेथे बसावयास जागा नाही, आणि जेथे बसावयास उत्तम जागा आहे तेथून निसर्ग केव्हाच उठून गेलेला आहे. ऊस, हॉटेल आणि गोल्फ ह्यांनी मिळून त्याची बेदखली केलेली आहे.

ह्या सिद्धांताला अपवाद सापडला तो एका जुन्या कायद्यात, आणि तोही मला सापडावा ह्यात नवल नाही. १७६३ च्या पॅरिसच्या तहाने टोबॅगो ब्रिटिशांकडे आले, तेव्हा सारे बेट मोजून, तुकडे पाडून उसाच्या मळ्यांसाठी विकण्याचा घाट घातला गेला. परंतु व्यापार आणि वसाहतींच्या कारभारावर नेमलेल्या मंडळात सोम जेनिन्स नावाचे पार्लमेंटचे एक सभासद होते, त्यांनी स्टीफन हेल्स ह्या शास्त्रज्ञाचे वनस्पतींच्या बाष्पोत्सर्जनावरील संशोधन अभ्यासले होते, आणि डोंगरमाथ्यावरचे झाड तोडले की पाऊस रुसतो व पाऊस रुसला की ऊसही बुडतो, हे साधे त्रैराशिक त्यांनी चिकाटीने सरकारच्या गळी उतरविले. १३ एप्रिल १७७६ रोजी, म्हणजे अमेरिकनांचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघण्यापूर्वी तीन महिनेही नव्हते तेव्हा, टोबॅगोचा मधला डोंगरकणा पावसासाठी राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. पश्चिम गोलार्धातील हे सर्वांत जुने कायदेशीर राखीव रान होय. ज्या बेटावर झाडांना दफ्तरी आधार आहे, तेथे मला परकेपणा वाटण्याचे कारण नव्हते. त्यात पुन्हा डच, इंग्रज, फ्रेंच आणि थेट बाल्टिक समुद्राकाठचे कूरलंडवाले अशा नाना धन्यांनी हे बेट एकमेकांपासून हिसकावून घेतलेले. एवढे फेरफार तर भाऊबंदकीत सापडलेल्या सातबाऱ्यावरही मी पाहिलेले नाहीत. कुटुंबाने पक्ष्यांची यादी तपासली, मी सापांची. टोबॅगोला विषारी साप नाहीत. ठराव एकमताने मंजूर झाला. वादळांचा मोसम जून ते नोव्हेंबर, म्हणून ईस्टरचा सुमार मुक्रर केला.

प्रवासाचे वर्णन टाळतो. लंडनच्या विमानतळावर चहाला काय पडते, हे सर्वांना ठाऊक आहे. पोर्ट ऑफ स्पेनला टॅक्सीवाल्याने आमचे चेहरे आरशात न्याहाळले आणि आपले पणजोबा जहाजाने आल्याचे सांगितले. ३० मे १८४५ रोजी 'फातेल रझाक' हे जहाज हिंदुस्थानातले पहिले करारबद्ध मजूर घेऊन ह्या बंदराला लागले, आणि पुढे सत्तरएक वर्षे तशी जहाजे येतच राहिली. भोजपुरी त्याची विरली होती, डालपुरी शाबूत होती. वाटेत गाडी थांबवून त्याने आम्हांस ती खावयास घातली. गावसकर आमच्या गावचे काय, असे त्याने विचारले. आम्ही दादरचे आणि ते ताडदेवचे, असा तपशील देण्यास मी तोंड उघडले होते. पण कुटुंबाने "हो, शेजारचेच" असे सांगून टाकले, आणि एवढ्या दुरून पाहता ते खोटेही नव्हते.

तेथून टोबॅगोला जाऊन कॅस्टारा नावाच्या कोळ्यांच्या गावी आम्ही मुक्काम केला. गावातल्या बायका मातीच्या भट्टीत पाव भाजतात, त्याचा वास टेकडीवरच्या आमच्या पडवीपर्यंत येई, आणि माझी आरामखुर्ची समुद्र व रान ह्यांच्या बरोबर मध्ये होती. पहिल्या पहाटे मात्र छपरावर जो आक्रोश उसळला, त्याने मी दचकून उठलो. हा कोक्रिको, कोंबडीएवढा, तपकिरी, लांब शेपटीचा पक्षी, जो स्वतःचे नाव कर्कश स्वरात उच्चारतो, आणि एकाने उच्चारले की डोंगरातले सारे नातलग हजेरी देतात. त्याला हुसकण्यासाठी मी चप्पल उचलली, तोच घरमालकीणबाईंनी खालून सांगितले की, तो टोबॅगोचा राष्ट्रीय पक्षी आहे. शेतकरी त्याला शिव्या घालतात, पण राजचिन्हावर त्याचे चित्र आहे. ज्याचे चित्र शासकीय शिक्क्यावर आहे, त्याच्यावर चप्पल फेकणे माझ्या प्रकृतीत बसत नाही. कुटुंब दुर्बीण लावून केव्हाच अंगणात उभे होते.

न्याहारीला दुसरा पाहुणा येई, बनानाक्विट. अंगठ्याएवढा जीव, काळी पाठ, पिवळे पोट, डोळ्यावरून पांढरी रेघ. साखरेच्या भांड्याच्या काठावर तो नखे रोवी, मान तिरकी करून प्रथम माझ्याकडे पाही, आणि मग बाकदार चोच दाण्यांत खुपसून दोनचार दाणे टिपी. त्यातला एखादा चोचीला चिकटून राहिला की चोच काठावर दोन्ही बाजूंनी पुसून पुन्हा सुरू. माझी साखर डॉक्टरांनी बंद केलेली आहे आणि तिच्यावर कुटुंबाची सक्त नजर असते. "किती गोड खातो बाई!" असे ती कौतुकाने म्हणे, आणि माझा हात भांड्याकडे वळला की भांडे सरकवी.

राखीव रानात गिल्पिन ट्रेस नावाची पाऊलवाट आहे. तिच्या तोंडाशी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट भाड्याने मिळतात. माझ्या मापाचे मिळाले हे दुर्दैव. आमचा वाटाड्या दर चाळीस पावलांवर थांबे, आणि त्याच्या थांबण्यावर माझी श्रद्धा जडली. एका वळणावर त्याने बोट केले तेथे निळ्या डोक्याचा मॉटमॉट बसला होता. त्याच्या शेपटीच्या दोन पिसांच्या टोकांना गोंडे असतात, आणि तो बाकी अंग जराही न हलवता ती शेपटी डावीकडे नेतो, थांबतो, उजवीकडे नेतो, थांबतो. एवढ्या अल्प श्रमात एवढा दरारा उत्पन्न करणारा अधिकारी मी पाहिला नव्हता. १९६३ च्या फ्लोरा वादळाने हे रान उद्ध्वस्त केले, तेव्हा येथला पांढऱ्या शेपटीचा गुंजनपक्षी कायमचा गेला असे मानले गेले होते, आणि १९७४ मध्ये तो पुन्हा दिसला, असे वाटाड्याने सांगितले. कुटुंबाने तो पाहिला, मी त्या वेळी बुटातला खडा काढीत होतो.

ग्रेट कूरलंड खाडीवर रात्री लेदरबॅक कासवी अंडी घालावयास येतात. तांबड्या दिव्याच्या मंद उजेडात, श्वासाचा आवाज न करता, आम्ही त्यांतल्या एकीच्या मागे बसलो. कित्येक मणांचा तो देह मागच्या वल्ह्यांनी वाळू इतक्या हळुवारपणे उपशी की एक कण परत खड्ड्यात पडू नये. मग ओली, पांढरी अंडी एकावर एक उतरू लागली. तिच्या डोळ्यांतून दाट अश्रू वाहत होते. शरीरातले जादा मीठ ग्रंथींतून बाहेर टाकण्याची ती तजवीज आहे, असे रक्षकाने कुजबुजून सांगितले. "त्यांना काय कळतंय! इतकी अंडी घालून बघा म्हणावं," कुटुंब माझ्या कानात पुटपुटले.

ईस्टरनंतरच्या मंगळवारी बकूला बोकडांच्या शर्यती होतात, १९२५ पासून. जॉकी पाठीवर बसत नाही. तो दोरी धरून बोकडाच्या मागून जिवाच्या आकांताने धावतो, त्यामुळे शर्यत नक्की कोणाची, ह्याचा निर्णय मला शेवटपर्यंत झाला नाही. मी ज्याच्यावर पैज लावली, तो अर्ध्या वाटेत कुंपणापाशी थांबून एका प्रेक्षकाच्या हातातील कार्यक्रमपत्रिका खाऊ लागला. कुटुंबाचा दुसरा आला. नंतर खेकड्यांची शर्यत झाली, तीही दोऱ्या बांधून. खेकडे वाटेल त्या दिशेस जातात आणि मालक त्यांची मनधरणी करतात. लगतच्याच टपरीवर खेकड्याची झणझणीत करी आणि डम्पलिंग विकणे चालले होते. कुटुंबाने पातेल्यात डोकावून बाईंना विचारले की, हे खेकडे जिंकलेले की हरलेले?

बाईंनी पळी न थांबवता उत्तर दिले, "जिंकलेला हवा असेल, तर दहा डॉलर जास्त पडतील."

आम्ही हरलेले घेतले.