वेड्यांची थोरवी

सोलापुरात आजही पत्त्यावर ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ असं लिहितात. त्यातलं ‘फ्री’ फार उशिरा आलं. त्याआधी तिथं तारेचं कुंपण होतं आणि ते घालणारी माणसं शहाणी समजली जात. मला स्तुती करायची आहे ती वेड्यांची. पण वेड्यांची थोरवी कळायची तर आधी ते शहाणपण नीट पाहायला हवं.

सुताराचा पोरगा सुतार, कोष्ट्याचा कोष्टी, म्हणून चोराचा पोरगा चोर, इतका सरळ तो हिशोब होता. त्याच हिशोबावर १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा झाला. पाच वर्षांनी इटलीत लोम्ब्रोझो नावाच्या डॉक्टरनं पुस्तक लिहिलं, की जन्मजात गुन्हेगार कवटी-जबड्यावरून ओळखू येतो. इथं कवटी मोजायचे कष्टही नव्हते. जात विचारली की निदान झालं. कैकाडी, टकारी, पारधी, मांग गारुडी अशी कुटुंबंच्या कुटुंबं सोलापूरच्या कुंपणाआड आली. बाहेर जायला पास, आत आल्यावर हजेरी. दिवसभर गिरणीत साच्यावर राबलेल्या माणसाला अंधार पडताना चोर म्हणून आपलं नाव पुकारलं गेल्यावर ‘हजर’ म्हणावं लागे. त्याचं मूल ती हाक ऐकत मोठं होई. माणूस स्वतःला ओळखतो तो दुसऱ्यांच्या तोंडून. गुन्हेगार हा शिक्का समाज मारतो आणि तो बसलेला माणूस हळूहळू त्याच साच्यात जातो, हे हॉवर्ड बेकर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९६३ साली मांडलं. कुंपणातल्या आयांना ते शिकवायला कुणी यावं लागलं नसेल.

आता वेडे. सांगोल्याच्या शिवेपलीकडे आटपाडी, तेव्हा औंध संस्थानात. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि त्यांच्याकडे आलेला पोलंडचा इंजिनिअर मॉरिस फ्रिडमन यांनी १९३९ साली आटपाडीजवळ शिक्षा झालेल्या कैद्यांची वसाहत वसवली. त्यांत खुनीही होते. भिंत नाही. बायकापोरं सोबत. हातात कुदळ, विळा, कुऱ्हाड. खुन्याच्या हाती कुऱ्हाड द्यायची आणि त्याच्यासमोर आपण निवांत बसायचं, याला व्यवहारात वेडेपणाच म्हणतात, आणि मी तो शब्द आदरानं वापरतो आहे. त्या माळाचं नाव ठेवलं स्वतंत्रपूर. यावरूनच गदिमांनी कथा लिहिली आणि शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ १९५७ साली पडद्यावर आला. सिनेमा संपला, वसाहत चालूच राहिली. पळून जायला चारी दिशा मोकळ्या असताना माणसं पेरणी करत राहिली. अमुक रानात आपलं पीक उभं आहे आणि घरी लेकरू वाट बघतंय, याहून बळकट गज अजून कुठल्या कारखान्यात घडला नाही.

३१ ऑगस्ट १९५२ला गुन्हेगार जमाती कायदा देशभरातून गेला. नेहरूंनी इथली तार स्वतः कापली, असं सोलापुरात सांगतात. शहाणपण मात्र चिवट असतं. १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि चौकीतल्या वहीला नवा पुठ्ठा मिळाला. चोरी कुठंही होवो, पहिली धाड पारध्याच्या पालावर पडते, हे ज्यानं पाहिलंय त्याला मी काय सांगतोय ते कळेल. मला त्याचा संताप येतो.

म्हणून २०२१ साली सोलापूर ग्रामीण पोलिसांनी केलेलं वेड मला मोलाचं वाटतं. अधीक्षक होत्या तेजस्वी सातपुते. मुळेगाव तांड्यावर हातभट्टीच्या धाडी वर्षानुवर्षं पडत होत्या. रसायन ओतून द्यायचं, बॅरल फोडायचे, गुन्हा नोंदवायचा, आणि भट्टी पुन्हा पेटायची. ‘ऑपरेशन परिवर्तन’मध्ये अधिकाऱ्यांनी अशी गावं दत्तक घेतली. भट्टी सोडली तर घर कशावर चालेल, हा प्रश्न खाकी वर्दीनं विचारला. बायका शिलाई शिकल्या. ज्या दारात पोलिसांची गाडी दिसली की माणसं रानात पळायची, त्याच दारात अधिकारी बसून कामधंद्याचं बोलू लागले.