जिरवाजिरवीची जुनी पेढी

युती-आघाडीची बातमी आली की आपल्याकडच्या विचारवंतांना ठरलेला उमाळा येतो. तत्त्वं उरली नाहीत, विचारधारा बासनात गेली, पूर्वी असं नव्हतं. बाकीचं काय ते म्हणोत, पण ‘पूर्वी असं नव्हतं’ हे वाक्य निदान नगर जिल्ह्यात कोणी उच्चारू नये. शहराचं नाव बदललं, जिल्ह्याचं बदललं, किल्ल्यावरची निशाणं तर किती बदलली याची गणती नाही. आघाडी करण्यामागचं कारण मात्र निजामशाहीपासून एकच चालत आलंय. लांबच्या वैऱ्याशी हात मिळवायचा तो जवळच्याची जिरवायला. सत्ता मिळाली तर तो वरकड नफा. जाहीरनामे, समान कार्यक्रम, विकासाचा मुद्दा वगैरे मजकूर नंतर पत्रकार परिषदेसाठी लिहून काढतात.

ताजा दाखला घ्या. डिसेंबर २०१८मध्ये अहमदनगर महापालिकेच्या ६८ जागांचा निकाल लागला. शिवसेना २४, राष्ट्रवादी १८, भाजप १४, काँग्रेस ५, बसप ४, बाकी किरकोळ. मुंबईत भाजप आणि शिवसेना एकाच मंत्रिमंडळात बसत होते, राष्ट्रवादी विरोधी बाकांवर. चौथीतलं पोरही सांगेल की २४ आणि १४ मिळून ३८ होतात आणि बहुमताला ३५ पुरतात. पण महापौर झाले तिसऱ्या क्रमांकाच्या भाजपचे बाबासाहेब वाकळे, आणि त्यांना निवडून दिलं राष्ट्रवादीच्या नगरसेवकांनी. सर्वांत मोठा पक्ष बाहेर बसला. शहराचे आमदार राष्ट्रवादीचे संग्राम जगताप. त्यांचे सासरे शिवाजी कर्डिले तेव्हा राहुरीचे भाजप आमदार. तेव्हा दोन पक्षांतलं वैचारिक अंतर मोजायला फूटपट्टीही लांबच पडली असती. राष्ट्रवादीने जानेवारीत १८ नगरसेवकांना पक्षातून काढल्याचं जाहीर केलं आणि मार्चमध्ये जगतापांना लोकसभेची उमेदवारी दिली. पुढे २०२१मध्ये शिवसेनेच्या रोहिणी शेंडगे महापौर झाल्या, त्याच राष्ट्रवादीला सोबत घेऊन. म्हणजे आधी जिची जिरवायची ती जिरवून झाली होती, आता भाजपची पाळी होती.

हे सगळं शिकायला नगरकरांना बाहेर जावं लागलं नाही. १५९५मध्ये इथल्या गादीवर एकाच वेळी चार दावेदार होते आणि प्रत्येकामागे एक गट. वजीर मियाँ मंजूने अहमद नावाचा एक मुलगा बसवला, त्याच्या वंशाबद्दलच शंका. हबशी सरदार इखलासखानाने मोती नावाचा दुसरा शोधून काढला. चांदबिबीचा पाठिंबा बहादूर या लहानग्याला. अभंगखानाने तर सत्तरीतले शाह अली आणले. सगळीकडे पोरं बसवत असताना हा एक अनुभवी उमेदवार म्हणायचा. इखलासखानाने घेरलं तेव्हा मियाँ मंजूने थेट अकबराच्या मुलाला, शहजादा मुरादला, बोलावणं धाडलं. मोगलांची फौज यायला वेळ लागतो. ती पोचेपर्यंत मंजूने इखलासखानाला हरवलंही होतं. पाहुणे दारात आणि निमंत्रणाचं कारणच संपलेलं! मंजू मदत आणायला विजापूरकडे निघून गेला, किल्ला लढवला तो चांदबिबीने. १५९६च्या तहात वऱ्हाड मोगलांना द्यावं लागलं. अख्खा प्रांत गेला, पण इखलासखानाची जिरली की नाही? आणि १६००मध्ये चांदबिबीला मारलं ते मोगलांनी नव्हे. ती मोगलांशी बोलणी करतेय, अशी ओरड उठवून तिच्याच माणसांनी. मोगलांना किल्ल्यात बोलावणाऱ्यांच्या शहरात हा आरोप जीवघेणा ठरावा, याला काय म्हणायचं?

इथे कोणी हरकत घेईल की ती राजेशाही होती, आज लोकशाही आहे. माणूस मतं मागून येतो. हरकत रास्त आहे. तेव्हा रयतेला कोणी विचारत नव्हतं, आता विचारतात, आणि मग पुन्हा विचारायची गरज पडू नये म्हणून पाच वर्षं थांबतात. २०१९मध्ये नगरची लोकसभेची जागा काँग्रेसचा मित्रपक्ष राष्ट्रवादी सोडेना म्हणून सुजय विखे भाजपमध्ये गेले. वडील राधाकृष्ण विखे तेव्हा विधानसभेत काँग्रेसचे विरोधी पक्षनेते. जूनमध्ये ते ज्या सरकारला विरोध करत होते त्याचेच मंत्री झाले. सुजय यांनी जगतापांना पाडलं. २०२४ उजाडेपर्यंत राष्ट्रवादी फुटून जगताप महायुतीत आले होते, त्यामुळे पाडणारे आणि पडलेले एकाच मांडवात. आणि समोर नीलेश लंके, जे आधी अजितदादांसोबत गेले आणि उमेदवारीच्या तोंडावर थोरल्या पवारांकडे परतले. निवडून लंके आले. मतदाराने मत दिलं हे खरं, पण मतदान आणि आघाडी यांत आधी काय ठरतं, हे पारनेरच्या पारावर कोणीही सांगेल.

दुसरी हरकत वजनदार आहे. शत्रूंनी सत्ता वाटून घेतली तर निदान रक्त सांडत नाही, स्थैर्य येतं. याला नगरचाच पुरावा आहे, तो नाकारणार नाही. किल्ला पडल्यावर मलिक अंबर आणि राजू दख्खनी या एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या दोघांनी उरलेली निजामशाही वाटून घेतली, राजा एकच मानला, आणि काही वर्षं मोगलांना थोपवून धरलं. मात्र या काळात दोघांचे डोळे मोगलांवर कमी आणि एकमेकांवर जास्त होते. १६०७च्या सुमाराला अंबरने राजूला संपवलं आणि त्यानंतरच निजामशाही खरी सावरली, ही वाटणीच्या पुरस्कर्त्यांसाठी जरा अडचणीची गोष्ट. सत्ता वाटून घेणाऱ्या काबूलवाल्यांचं तर याहून पुढे गेलेलं: १९९३च्या इस्लामाबाद करारात गुलबुद्दीन हेकमत्यार पंतप्रधान ठरले, आणि १९९४च्या जानेवारीत त्यांचीच रॉकेटं स्वतःच्या राजधानीवर पडत होती. इतकं सरळ काम आपल्याकडे होत नाही. आपण फार तर स्थायी समितीची सभा तहकूब करतो.

राहिला प्रश्न बाहेरच्या मित्राचा, ज्याच्या जोरावर घरातल्याची जिरवायची असते. दौलताबाद पडल्यावर शहाजीराजांनी संगमनेरजवळच्या पेमगिरीवर एका लहानग्या निजामशहाला गादीवर बसवलं आणि कारभार हाती घेतला. खटाटोप मोठा होता, पाठीशी विजापूरची आदिलशाही. तीन वर्षं हा डाव चालला. १६३६मध्ये शहाजहान दख्खनेत उतरल्यावर आदिलशहाने त्याच्याशी तह केला, निजामशाहीचा मुलूख दोघांनी मिळून वाटून घेतला आणि पाठिराख्याच्या पदरात परांडा पडला, सोलापूर पडलं. शहाजीराजांना माहुलीला शस्त्रं ठेवावी लागली. पुढची चाकरी त्यांनी विजापुरातच पत्करली, निजामशाही बुडवणाऱ्या दोघांपैकी एकाकडेच.