अथ फोमविमानमीमांसा: सुरती पाठ

प्रस्तुत निबंधाचा विषय फोमचं, रिमोटवर उडणारं विमान हा नाही. ते का उडतं याबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे आणि ते सगळं बरोबर आहे. आमचा विषय आहे तो ते नीट उडत असताना त्याला हात लावण्याच्या खोडीचा. या खोडीचा उगम, तिच्यातले संप्रदाय आणि तिला सुरत शहराने पुरवलेली सामग्री यांचा इथे ऊहापोह करायचा आहे. सुरतच का, असा पूर्वपक्ष कोणी मांडेल. त्याला उत्तर सोपं आहे. ज्या गावात साधा दोरासुद्धा आला तसा वापरत नाहीत, आधी त्याला रंग आणि काच चढवतात, त्या गावात विमान खोक्यातून निघून थेट आकाशात जाईल ही अपेक्षाच अशास्त्रीय आहे.

खोडीचा एक जुना दाखला अमेरिकेतला आहे. १८७८ साली मिल्टन राइट नावाच्या बिशपने विल्बर आणि ऑरव्हिल या आपल्या मुलांना एक खेळणं आणून दिलं. बांबू, बूच आणि कागद यांचं, रबराच्या पिळावर उडणारं. मूळ नमुना आल्फोन्स पेनो या फ्रेंच माणसाचा. पोरांनी ते मोडेपर्यंत उडवलं. मग तसंच दुसरं केलं. मग त्याहून मोठं केलं, आणि मोठं काही केल्या नीट उडेना. चरित्रकार इथून घाईघाईने २५ वर्षं ओलांडून १७ डिसेंबर १९०३ ला, या भावांच्या पहिल्या विमानउड्डाणाला, पोचतात. आमच्या मते मोलाचं आहे ते न उडालेलं मोठं खेळणं. चांगलं चाललेलं बिघडवायला जी प्रज्ञा लागते, तिची ती ठळक नोंद आहे.

मराठी परंपरा मागे नाही. १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी ‘मरुत्सखा’ नावाचं विमान उडवलं, अशी कथा आपल्याकडे मोठ्या प्रेमाने सांगतात. पुरावा विचारणाऱ्याकडे तितक्याच प्रेमाने पाहत नाहीत. ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातली विमानं तर १९७४ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी तपासली. ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली विमानं उडण्याजोगी नाहीत, असा त्यांनी निर्वाळा दिला. आमच्या अभ्यासविषयाची पायरी याच्या वरची आहे. वैमानिक शास्त्रातलं विमान आधीही उडत नव्हतं. आमचं आधी उडत होतं.

आता द्रव्यविचार. फोमच्या प्रमुख जाती तीन: आपला थर्माकोल, रबरासारखा दबून परत वर येणारा ईपीपी, आणि या दोहोंच्या मधला ईपीओ. बाजारातली तयार विमानं बहुतेक ईपीओची असतात. थर्माकोल म्हणजे वाफेवर फुलवलेले पॉलिस्टायरीनचे मणी. त्यात साधारण ९८ टक्के हवाच असते. म्हणजे दुकानदार आपल्याला मुख्यतः हवा विकतो आणि ती हवेत ठेवण्याची जबाबदारी आपल्यावर टाकतो.

सुरतेतल्या मराठी माणसाचा थर्माकोलशी संबंध विमानाच्या आधीचा आहे. तापीच्या काठाकाठाने येणाऱ्या भुसावळ लाइनने धुळे, नंदुरबार, जळगावकडची माणसं लूमवर कामाला आली, उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसऱ्यात राहिली आणि येताना गणपती घेऊन आली. गणपतीला मखर लागतं. मखराच्या कमानी तापलेल्या नायक्रोमच्या तारेने कापता येणारा एक तरी भाऊ प्रत्येक गल्लीत असायचा. विमानाच्या पंखाचा फुगीर छेद त्याच तारेने कापतात. दोन्ही टोकांना पत्र्याचे साचे लावायचे आणि तार त्यांच्यावरून सावकाश ओढायची. १ जुलै २०२२ पासून सजावटीचा थर्माकोल देशभर बंद झाला, तेव्हा या शास्त्रापुढे मोठाच पेच उभा राहिला. तो दोन मुद्द्यांवर सोडवण्यात आला. एक, माळ्यावर जुन्या मखराचे खांब शिल्लक आहेत. दोन, पंख ही सजावट नव्हे. दुसरा मुद्दा विमान एकदाही न उडाल्यास टिकेल का, यावर अभ्यासकांत एकमत नाही.

चिकटद्रव्यांवरून मात्र उघड वैर आहे. फेविकॉल संप्रदाय सनातनी. फेविकॉल थर्माकोलला खात नाही, पण तो सुकायचा म्हणजे त्यातलं पाणी उडायला हवं, आणि दोन फोमच्या मध्ये अडकलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच नसते. या संप्रदायाचे लोक त्यामुळे स्वभावाने शांत असतात. फेविक्विकवाले उतावळे. त्यांच्या सायनोअॅक्रिलेटची कुळकथा मनोरंजक आहे. १९४२ साली कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होता. हा पदार्थ दिसेल त्याला चिकटतो म्हणून त्याने तो वैतागून बाजूला ठेवला. ईपीओला ते छान चालतं. थर्माकोलला लावलं तर थर्माकोल विरघळतो, आणि जोड भरण्याऐवजी तिथे खड्डा पडतो. स्प्रेपेंटचंही तसंच: आतला द्रावक रंगाच्या आधी काम करतो, आणि पंखावर तिरंगा काढायला गेलेला माणूस चंद्राचा पृष्ठभाग घेऊन परततो. तिसरा संप्रदाय ग्लू गनचा. हे कर्मवादी आहेत. लगेच चिकटतं, लगेच उडवता येतं, फळ मात्र वजनाच्या रूपाने भोगावं लागतं.

या तिघांहून वेगळी सुरती शाखा गुंदरपट्टीची. उत्तरायणात फाटलेल्या पतंगाला लावायची डिंक लावलेली ही कागदी पट्टी. जिभेवर ओली करायची आणि डकवायची. फोमवर ती फारशी टिकत नाही. पण विमान दुरुस्त केल्याचं समाधान ती सर्वांत कमी वजनात देते, म्हणून तिचा इथे आदराने उल्लेख केला पाहिजे.

वजनाचा विषय निघालाच आहे, तर सुरतेने या शास्त्राला दिलेली सर्वश्रेष्ठ देणगी सांगून टाकू. इतरत्र लोक विमान ग्रॅममध्ये तोलतात. सुरतेत कुणाचा तरी मावसभाऊ, शेजारी किंवा शेजाऱ्याचा मावसभाऊ रत्नकलाकार असतो, घंटी नावाच्या फिरत्या चाकावर हिऱ्याला पैलू पाडतो, आणि त्याच्या ओळखीने कॅरेटचा काटा अर्ध्या तासासाठी हाती येऊ शकतो. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. त्याचा शंभरावा भाग सेंट. अशा काट्यावर फेविकॉलच्या थेंबालाही स्वतःची ओळख मिळते. सर्व्हो, म्हणजे पंखाच्या आणि शेपटीच्या झडपा हलवणारी छोटी मोटर, नऊ ग्रॅमचा असला तर ४५ कॅरेटचा भरतो. आणि मीटरभर पंखांचं, ६२० ग्रॅमचं नवंकोरं विमान भरतं ३१०० कॅरेट. १९०५ साली दक्षिण आफ्रिकेत सापडलेला कलिनन हा जगातला सर्वांत मोठा मानला गेलेला कच्चा हिरा ३१०६ कॅरेटचा होता. त्याचे तुकडे करून त्यांना पैलू पाडले आणि त्यांतले सर्वांत मोठे इंग्लंडच्या राजदंडात आणि मुकुटात बसवले. म्हणजे कलिननसुद्धा मूळ स्वरूपात कोणाला ठेववला नाही, हे सुधारकांच्या बाजूने नोंदवून ठेवावं लागेल.

आता मुख्य सिद्धान्त. त्याला आम्ही दोषसंक्रमणाचा नियम म्हणतो: विमानातला दोष नाहीसा होत नाही, तो जागा बदलतो. सिद्धतेसाठी एकच उदाहरण पुरे.

मालकाला कंपनीची मोटर मवाळ वाटते. तो १००० केव्हीची थोराड मोटर बसवतो. केव्ही म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला किती फेरे. तीन सेलच्या ११.१ व्होल्टच्या बॅटरीवर, पंखा न लावता, ११ हजार १०० फेरे. आकडा ऐकून तो सुखावतो. पण नवी मोटर जड, आणि ती असते नाकात. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शात दोन बोटं टेकवली की विमान आडवं तोललं गेलं पाहिजे. आता ते नाक खाली घालतं. नाक जड झालेलं विमान नुसतं आळशी होतं. मालकाला आळस खपत नाही. तो बॅटरी मागे सरकवायचं ठरवतो. मागे जागा नसते, म्हणून कटरने पोट कोरतो. कोरलेलं पोट लचकतं. लचक थांबवायला नाकापासून शेपटीपर्यंत पतंगाची बांबूची कामटी घालतो आणि ती ग्लू गनने पक्की करतो. कामटी मागे लांब गेली, आता शेपूट जड. शेपूट जड झालेलं विमान स्वतःचे विचार करू लागतं: वर जा म्हटलं की नको तितकं वर जातं, थांब म्हटलं की कोलांटतं. उपाय म्हणून नाकात पाच रुपयांचं नाणं. २०११ च्या मालिकेतलं असेल तर सहा ग्रॅम, म्हणजे ३० कॅरेट; आणि ते बसवलेलं असतं थेट त्या जड मोटरच्या मागे, जिच्यामुळे नाक जड झालं होतं.

इथे नियम सिद्ध झाला. पण मालक थांबत नाही. थोराड मोटरला मोठा प्रॉप, म्हणजे नाकावरचा पंखा, लागतो, मोठा प्रॉप उतरताना जमिनीला घासतो, म्हणून उंच चाकं येतात. उंच चाकं गवतात अडकून विमान नाकावर येतं, म्हणून चाकं जातात. चाकं गेली की विमान पोटावर उतरतं, पोट सोलतं, आणि सोललेल्या पोटावर साड्यांच्या पार्सलांना लावतात ती ब्राउन टेप येते. शेवटी काट्यावर ठेवलं तर ७५० ग्रॅम, ३७५० कॅरेट. वजन २१ टक्क्यांनी वाढलं. हवेत तरंगत राहायला लागणारा किमान वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, तेव्हा तो १० टक्क्यांनी वाढला. विमान आता खरोखरच पहिल्यापेक्षा जोरात उडतं. सावकाश उडणं त्याला जमत नाही, एवढंच. आणि मालक याला यश म्हणतो. आम्हाला त्याचं म्हणणं खोडून काढता आलेलं नाही.

नाक चेपण्याचा प्रश्न स्वयंपाकघराशी निगडित असल्यामुळे तो नाजूक आहे. ईपीओ किंवा ईपीपीचं चेपलेलं नाक उकळत्या पाण्यात धरलं की आतल्या बंद पेशींमधली हवा तापून फुगते आणि दबलेला फोम बऱ्याच अंशी पूर्ववत होतो. हे विज्ञान निर्विवाद आहे. वाद फक्त पातेल्याचा. त्यातून आजी गावाहून आलेली असेल तर ती दारातून विचारते, “हाई काय शे रे भाऊ?” या प्रश्नाला शास्त्रात समाधानकारक उत्तर नाही. चहाचं पातेलं वापरावं की भाताचं, यावर आम्ही मत देत नाही. नाक बाहेर काढल्यावर पातेलं घासून ठेवावं, इतकं सर्व संप्रदायांना मान्य आहे.

रंगाबद्दल थोडक्यात. पंखाची वरची आणि खालची बाजू वेगळ्या रंगाची हवी, कारण लांब गेलेलं विमान काळा ठिपका होतं आणि ते सुलटं आहे की उलटं हे कळेनासं होतं. याउपर जरीची लेस लावणाऱ्यांना आमचा विरोध नाही. गाव जरीचं आहे.

स्थलविचार मात्र दुःखद आहे. मोकळी हवा, लांबरुंद ओली वाळू, पडलं तरी मऊ पडेल असा किनारा म्हणजे डुमस. पण सुरतचा विमानतळ त्याच डुमस रस्त्यावर, मगदल्ल्याला आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते, आणि आठ ते बाराच्या पट्ट्यात २०० फुटांच्या वर. त्याच नियमांत २५० ग्रॅमपासून दोन किलोपर्यंतचं यान ‘मायक्रो’ ठरतं. आमच्या ३७५० कॅरेटच्या विमानाला सरकार अजून सूक्ष्म समजतं, म्हणजे सव्वा किलो डिंकाला अद्याप वाव आहे. सुधारकांनी हे कलम काळजीपूर्वक वाचलेलं दिसतं.

कालविचार त्याहून आखूड. २२०० मिलिअॅम्पिअर-तासाची बॅटरी, सरासरी १५ अॅम्पिअरची ओढ, आणि पंचमांश चार्ज राखून ठेवायचा. हिशेब सात मिनिटांचा निघतो. सात मिनिटं आकाशाची, बाकी सगळा काळ टेबलाचा. ज्याला उडवण्याचीच हौस आहे त्याने सुरतेत पतंग उडवावा. वारा फुकट असतो आणि चार्जर लागत नाही.

पतंगाचं नाव काढताच विरोधक म्हणतील, बघा, १४ जानेवारीला सगळं सुरत गच्चीवर असतं, आकाश मांजाने भरलेलं असतं, त्या दिवशी फोमचं विमान बाहेर काढायची कोणाची छाती होत नाही. निदान त्या दिवशी तरी खोड सुटते. निरीक्षणातून हे खरं ठरत नाही. गच्चीवरचा माणूस दुकानातून आणलेला कोरा पतंग हातात घेतो, डोक्यावर घासून कमान वाकवून पाहतो, किन्ना, म्हणजे पतंगाला दोरा जोडायची कण्णी, दोनदा सोडून पुन्हा बांधतो, पतंग डावीकडे झुकतोय अशी शंका येताच उजव्या टोकाला दोऱ्याची गुंडाळी बांधतो, मग तो उजवीकडे झुकतो, मग डाव्या टोकाला. दोषसंक्रमणाचा नियम मोटर आणि बॅटरीच्या पुष्कळ आधी गच्चीवर सिद्ध झालेला होता, असं यावरून दिसतं.

शेवटची शंका उरते: हात न लावलेलं, कंपनीने दिलं तसंच एखादं विमान या शहरात असेल का? असं एक विमान उधन्यात असल्याचं आम्ही ऐकलं आहे. ते अजून खोक्यातच आहे, कारण पंख सहा इंचांनी कापायचे की सहा इंचांनी वाढवायचे, हे ठरायचं बाकी आहे.