पट्टेशास्त्री

पूर्वसूचनेवाचून दाराची घंटा वाजावी, बाहेर पावसाची झिमझिम असूनही आगंतुकाच्या हातात छत्रीच्या जागी कुंड्यांवर पाणी फवारण्याची प्लॅस्टिकची बाटली असावी, आणि ‘वहिनी, गाडीची किल्ली द्या’ हे वाक्य नमस्काराच्याही आधी कानी पडावे, एवढ्या तीन लक्षणांवरून नेदरलँड्समध्ये घर केलेला कोणताही मराठी गृहस्थ सांगेल की पट्टेशास्त्री आले. आमच्या अ‍ॅम्स्टेलवेनच्या वस्तीतील शास्त्रीबुवांचे खरे नाव मराठी मंडळाच्या वर्गणीवहीखेरीज अन्यत्र आढळत नाही. सकाळी गाडी सुरू करताना बॉनेटखालून ‘कुईं’ असा स्वर उमटला की तीच त्यांना पोहोचलेली वर्दी, आणि दिवस मावळण्यापूर्वी ते दारी रुजू होतात, यात आजवर खंड पडलेला नाही.

इंजिनाच्या पुढल्या अंगास फिरणारा जो रबरी पट्टा अल्टरनेटर, वातानुकूलनाचा कॉम्प्रेसर, पुष्कळ गाड्यांत पाण्याचा पंप आणि जुन्या गाड्यांत स्टिअरिंगचाही पंप, अशा अनेक खात्यांचा कारभार एकट्याने ओढतो, त्याच्याविषयी शास्त्रीबुवांना वाटणारी कळकळ राबत्या कारकुनाविषयी सहृदय मामलेदारास वाटावी तशी आहे. ‘थंड, दमट पहाटे तो ओरडतो तो खोडसाळपणाने नव्हे,’ असे ते आम्हांस बजावतात. ‘स्टार्टरने बॅटरी खाल्लेली असते, ती भरून काढण्यासाठी अल्टरनेटर जड होतो, आणि रात्रीच्या दवाने ओलावलेला पट्टा त्याच्या पुलीवर घसरतो, ही त्याची कैफियत आहे!’ कैफियतीनंतर पंचनामा. मफलरची टोके शर्टात खोचायची, कारण फिरता पट्टा कापड आणि बोट यांत भेद करीत नाही. जमलेल्या मंडळींस दोन पावले मागे सारायचे. आणि चालू इंजिनाच्या पट्ट्यावर खाचांच्या बाजूने पाण्याचा एक बारीक फवारा मारायचा. आवाज क्षणभर बंद झाला तर पुल्या एका रेषेत नाहीत. उलट वाढला तर ताण अपुरा पडून पट्टा घसरत आहे. ‘थांबला तर रेषा, वाढला तर ताण’ हे त्यांचे सूत्र असून त्यावर अपील चालत नाही.

सूत्र खरे आहे, हीच खरी पंचाईत. खोटे असते तर त्यांना टाळणे सोपे गेले असते. आमच्या एका स्नेह्याने गॅरेजात चांगली रक्कम मोजून नवाकोरा पट्टा घालून घेतला आणि आठवडा लोटण्यापूर्वी तोच स्वर पुन्हा उमटला, तेव्हा शास्त्रीबुवांनी फवारा मारला, आवाज क्षणभर विरला आणि परत आला, आणि त्यांनी निकाल दिला की दोष पट्ट्याचा नसून ताण धरणाऱ्या टेन्शनरची पुली कलली असल्यामुळे नव्या पट्ट्यासही तीच गत प्राप्त होणार. हल्लीचे पट्टे ई.पी.डी.एम. जातीच्या रबराचे, जुन्या निओप्रीनसारखे ते सहसा तडकत नाहीत, खाचांतून निमूट झिजतात, आणि म्हणून ‘नुसत्या नजरेने पट्टा तपासणारा मनुष्य पत्रिका पाहून ताप मोजणारा आहे’ असे त्यांचे मत आहे. पट्ट्यावर साबण चोळणारे, तेलकट फवारे मारून त्याचे तोंड बंद करणारे यांची गणना ते पुरावा नष्ट करणाऱ्यांत करतात.

एवढ्यावर भागते तर बरे होते. परंतु ज्यास एक चावी सापडली त्यास सारी कुलुपे तिचीच वाटू लागतात. रुळांच्या वळणावर किंचाळणारी ट्रॅम पावसात गप्प बसते, हे लक्षात येताच त्यांनी भर रस्त्यात ‘रेषा!’ म्हणून हात वर केला व शेजारचा सायकलस्वार थोडक्यात बचावला. गणेशोत्सवाच्या सभागृहाच्या भाड्यावरून मंडळाचे चिटणीस व खजिनदार यांच्यात जुंपली असता त्यांनी उभयतांपुढे थंड पाण्याचा एकेक पेला ठेवविला, दोघे पाणी पिऊन दुप्पट आवेशाने भांडू लागताच कान टवकारले आणि समाधानाने म्हणाले, ‘वाढला! ताण कमी पडतोय. यांना काम द्या.’ दोघांवर सतरंज्या वाहण्याची कामगिरी सोपविण्यात आली आणि भांडण मिटले, हे नमूद करणे मला जड जाते, तथापि ते घडले आहे. तान्ह्या मुलाच्या रडण्यावरही एका घरी हा प्रयोग होणार होता. आजीने बाटली जप्त केल्यामुळे तो टळला.

पलीकडच्या गल्लीतील डच गृहस्थाच्या दारी ते प्रथम गेले, तेव्हा आवाजाबद्दल शेजाऱ्याची तक्रार आली अशा समजुतीने त्याने आधी क्षमा मागितली, मग सरकारी तपासणीचा दाखला दाखविला. या देशात मोटारीस ए.पी.के. नामक नियतकालिक तपासणी सक्तीची आहे. पेट्रोलच्या गाडीस ती प्रथम चार वर्षांनी होते व गाडी वयात आल्यावर दरसाल. ‘दाखला ब्रेकचा आहे, दिव्यांचा आहे, पट्ट्याची जबानी यात कोठे आहे?’ असे विचारून शास्त्रीबुवांनी बाटली उपसली. त्या गृहस्थाने त्यांना कॉफी आणि रिवाजाप्रमाणे एकच बिस्किट देऊन पुढील भेटीसाठी तारीख विचारली, याचे मात्र त्यांना फार वाईट वाटले.

या भूमीवर त्यांची निष्ठा जडली ती आइंडहोव्हनच्या डाफ संग्रहालयात. हुब व्हान डोर्न यांच्या कारखान्याने 1958 साली जगापुढे मांडलेली ती चिमुकली मोटार गियर बदलण्याची यातायात न करता रबरी पट्ट्यांवरच चाके फिरवीत असे, आणि तिच्या रचनेमुळे जितक्या वेगाने पुढे तितक्याच वेगाने मागेही धावू शके. लोकांनी तिची टवाळी केली, 1975 साली डाफचा मोटारविभाग व्होल्वोच्या हाती गेला. पण पुण्याच्या रस्त्यांवरून भिरभिरणाऱ्या पेट्रोलच्या प्रत्येक बिनगियरी स्कूटरच्या पोटात आज त्याच तत्त्वाचा पट्टा फिरतो, हे सांगताना शास्त्रीबुवांचा कंठ दाटून आला, आणि मागे ताटकळलेल्या शाळकरी मुलांना वाट देण्याची विनंती रक्षकास करावी लागली.

आता जे लिहितो ते काहीशा नाखुशीने लिहितो. शास्त्रीबुवांस स्वतःची मोटार नाही. मुले दूरदेशी, घरी एकटे, दळणवळण सायकलवर. फवाऱ्याने होणाऱ्या निदानास अर्धे मिनिट पुरते, आणि त्यानंतरच्या चहास दीड तास लागतो, या प्रमाणाचा अर्थ ध्यानी येण्यास आम्हांस कित्येक हिवाळे लागले. जेथे सख्ख्या मित्राकडे कॉफीस जायचे तरी पंधरवडा आधी रोजनिशी उघडून मुदत मुक्रर करावी लागते, अशा मुलखात बिनबोलावता दार वाजविण्याचा हक्क त्यांनी एका रबरी पट्ट्याच्या सनदेवर मिळविला होता.

ती सनद आता खालसा होत आहे. या देशात 2024 साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे तिसरा हिस्सा केवळ विजेवर चालणाऱ्यांचा होता, आणि त्यांत ना बॉनेटखाली इंजिन ना कण्हणारा पट्टा. आमच्या गल्लीतील मराठी घरांपुढे एकामागून एक अशा मुक्या गाड्या उभ्या राहिल्या. शास्त्रीबुवा सायकलवरून जातात, कान देतात, आणि पुढे जातात. आम्हीही आता एकमेकांस चहाची निमंत्रणे मोबाइलवरून धाडतो, ती स्वीकारण्याची वा नाकारण्याची कळ सोबत जोडतो, आणि या सुव्यवस्थेचा आम्हांस अभिमानही वाटतो. शास्त्रीबुवांचेच सूत्र लावायचे झाले तर वस्तीतला आवाज थांबला आहे, म्हणजे निकाल उघड आहे: पुल्याच एकमेकींच्या रेषेतून सरकल्या आहेत. त्यावर नवा पट्टा चढवून उपयोग होत नाही, हेही त्यांनी आम्हांस फुकट सांगून ठेवले आहे.